बाळाचं ऑपरेशन 'परवडतं' का? जन्मजात दोष, शस्त्रक्रिया आणि निरोगी वर्षांचा हिशेब

ओंजळ (मूळ लेख; खाली वाचकांची उत्तरं, प्रत्येकाच्या टोपणनावाने)

माझी मुलगी आता नऊ वर्षांची आहे. जन्मल्यावर काही तासांतच तिच्या तोंडाला फेस येऊ लागला. पुसला की पुन्हा यायचा. दूध पाजायला घेतलं तर निळी पडली. ड्यूटीवरच्या सिस्टरने तोंडातून पोटात नळी घालून पाहिली. ती दहा सेंटिमीटरवर अडली, पुढे सरकेचना. एक्स-रे काढला तेव्हा घशाखाली एका बंद पिशवीत ती नळी वेटोळं घालून बसलेली दिसली. अन्ननलिका मध्येच बंद होती आणि तिचा खालचा तुकडा श्वासनलिकेला जोडलेला होता. दुसऱ्या दिवशी मोठ्या रुग्णालयात ऑपरेशन झालं.

हे आत्ता लिहायचं कारण असं, की गेल्या आठवड्यात एका चर्चेत मी बसले होते. एक गृहस्थ म्हणाले, "अशा एका बाळावर जेवढा खर्च होतो तेवढ्यात शेकडो मुलांचं लसीकरण होईल. भावना बाजूला ठेवून बघा." तिथे मला बोलता आलं नाही. घरी येऊन मी खरंच भावना बाजूला ठेवून वाचायला बसले. जे हाती लागलं ते इथे मांडते.

आरोग्याचं नियोजन करणारे एक माप वापरतात, डॅली. अकाली मृत्यूने किंवा अपंगत्वाने गमावलेलं एक निरोगी वर्ष म्हणजे एक डॅली. असं एक वर्ष वाचवायला किती पैसे पडतात, त्यावरून उपचार स्वस्त की महाग हे ठरतं. २०१४ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या अशा अभ्यासांचा एकत्र आढावा आला होता. दुभंगलेला ओठ-टाळू शिवायला एका वर्षामागे सुमारे ४८ डॉलर. डोक्यात पाणी साठणाऱ्या मुलांच्या ऑपरेशनला १०९. सिझेरियनला ३१५. आणि एचआयव्हीची औषधं, जी परवडत नाहीत असं आज कुणी तोंड वर करून म्हणणार नाही, त्यांना ४५४ ते ६४८.

याचं कारण समजायला अर्थशास्त्री असावं लागत नाही. सत्तरीतल्या माणसाच्या ऑपरेशनने दहा-बारा वर्षं हाती लागतात. दोन दिवसांच्या बाळाच्या ऑपरेशनने सत्तर.

दुसरा अभ्यास वाचला त्या रात्री मला झोप लागली नाही. २०२१ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. ७४ देश, २६४ रुग्णालयं, पोट-आतड्यांचे सात जन्मजात दोष, ३,८४९ बाळं. मृत्यूचं प्रमाण श्रीमंत देशांत ५.६ टक्के, मध्यम उत्पन्नाच्या देशांत २०.४, गरीब देशांत ३९.८. त्यातल्या गॅस्ट्रोस्कायसिसमध्ये बाळाची आतडी पोटाच्या भोकातून बाहेर आलेली असतात. त्या एका दोषात श्रीमंत देशांत १.४ टक्के बाळं दगावली, गरीब देशांत ९० टक्के. दोष तोच, आतडी तीच, भोकसुद्धा त्याच जागी.

म्हणून माझं म्हणणं आहे की नवजात बाळांची शस्त्रक्रिया ही चैन नाही. लसीकरणाच्या शेजारी, सरकारी खर्चाच्या पहिल्या यादीत तिची जागा आहे. ज्यांना पटत नाही त्यांनी आकड्यांनीच उत्तर द्यावं.

अंकगणित

ओंजळ, मुलगी नऊ वर्षांची झाली हे वाचून मनापासून बरं वाटलं. मी आरोग्य-नियोजनाच्याच कामात आहे. दिवसभर हेच आकडे समोर असतात, आणि म्हणूनच विरोधात लिहितो आहे.

४८ डॉलर हा आकडा तुमच्या मुलीच्या ऑपरेशनचा नाही. ओठ शिवतात तो बाळ काही महिन्यांचं झाल्यावर, अंगाने भरल्यावर. व्हेंटिलेटर लागत नाही, बहुतेक मुलं एक-दोन दिवसांत घरी जातात. शिवाय ओठ-टाळूचे बरेच अभ्यास सेवाभावी संस्थांच्या कामावर बेतलेले आहेत. तिथे डॉक्टरचा वेळ अनेकदा फुकट धरलेला असतो, इमारत आधीच उभी असते. तो आकडा उसना घेऊन अन्ननलिकेच्या ऑपरेशनला लावता येत नाही. त्या बाळाला छाती उघडावी लागते, भूल देणारा नवजात बाळांचा जाणकार लागतो, पुढे कित्येक दिवस अतिदक्षता लागते. 'नवजात शस्त्रक्रिया' या एकाच शब्दाखाली वीस वेगळे खर्च आणि वीस वेगळे निकाल दडलेत.

सत्तर वर्षांचंही तसंच. पुढे मिळणाऱ्या फायद्याची आजची किंमत काढताना आम्ही बहुतेक वेळा दरसाल ३ टक्क्यांनी वजावट करतो. तशी केली की सत्तर वर्षांची साधारण २९ होतात. आणि त्यातही बाळ ऑपरेशनमधून वाचलं, पुढे न्यूमोनियाने गेलं नाही, शाळेत पोचलं, हे सगळं गृहीत धरलेलं असतं.

मला सगळ्यात जास्त छळणारा मुद्दा वेगळाच आहे. पैसे मिळवता येतात, प्रशिक्षित सिस्टर एका रात्रीत मिळत नाहीत. एका विभागात रात्री दोनच सिस्टर असतील आणि एक ऑपरेशन झालेल्या बाळापाशी अडकली, तर उरलेली वीस बाळं दुसरीच्या एकटीच्या गळ्यात. त्यात कमी दिवसांची असतात, जन्मताना गुदमरलेली असतात, जंतुसंसर्गाची असतात. त्यातलं एखादं त्या रात्री गेलं तर ते ऑपरेशनच्या हिशेबात कुठेच दिसत नाही.

आणि आधी जे टाळता येतं ते टाळा. गरोदरपणाच्या आधीपासून फॉलिक ॲसिड घेतलं तर, आधीचं मूल मज्जारज्जूच्या दोषाचं असलेल्या स्त्रियांमध्ये तो दोष पुन्हा येण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटतं, हे १९९१ साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या चाचणीत सिद्ध झालं. तुम्ही दिलेल्या त्याच आढाव्यात मलेरियाच्या मच्छरदाणीचा आकडा आहे, ६ ते २२ डॉलर. तो तुम्ही दिला नाहीत.

ओंजळ

मच्छरदाणीचा आकडा द्यायला हवा होता. मान्य.

पण ३ टक्के वजावट कशाची? पैशाची समजते. माझी मुलगी चाळीस वर्षांची होईल त्या वर्षी तिला लागणारा श्वास आजच्या श्वासापेक्षा हलका कसा? हे माप पहिल्यांदा वापरलं तेव्हा तर वयाप्रमाणेही वजन लावायचे. पंचविशीतल्या माणसाचं एक वर्ष भारी, तान्ह्या बाळाचं हलकं. जगातल्या आजारांचा भार मोजणाऱ्या 'जागतिक रोगभार' अभ्यासाच्या २०१० च्या फेरीत ते वजनही काढून टाकलं आणि वजावटही. ज्यांनी माप बनवलं त्यांनीच हात मागे घेतला, मग तुम्ही ती अजून का धरून बसलात?

आणि फॉलिक ॲसिड मीही घेतलं होतं. रोज, न चुकता. त्याने पाठीच्या कण्याचे दोष टळतात. अन्ननलिकेचे, आतड्यांचे, गुदद्वाराचे बहुतेक दोष कशाने होतात हेच नीट ठाऊक नाही. जे टाळता येत नाही त्याला 'आधी टाळा' हे उत्तर कसं होईल?

अंकगणित

वयाचं वजन गेलं ते बरंच झालं, त्यावर वाद नाही. वजावट मात्र रोगभार मोजताना काढली. खर्च आणि फायदा ताडून पाहताना ती अजून लागते, त्याला कारण आहे. खर्चावर वजावट लावली आणि आयुष्यावर नाही, तर कोणताही कार्यक्रम पुढच्या वर्षावर ढकलला की जास्त किफायतशीर दिसतो. फायदा तेवढाच राहतो, खर्च तेवढा घटतो. मग तो त्याच्या पुढच्या वर्षावर ढकला. असं करत करत कधीच सुरू करायला नको. तुम्हाला क्रूर वाटते ती वजावट या खड्ड्यात पडू नये म्हणून आहे. ३ टक्केच का, दीड का नाही, यावर भांडू या. तिथे मी तुमच्या बाजूला झुकेन.

रात्रपाळी

मी नवजात अतिदक्षता विभागात अकरा वर्षं सिस्टर आहे. तुम्ही दोघंही ऑपरेशन या शब्दावर भांडताय. आमच्याकडे बाळं टेबलावर फारशी मरत नाहीत. ती टेबलाच्या आधी मरतात, नाहीतर नंतरच्या तीन आठवड्यांत.

ओंजळताईंनी गॅस्ट्रोस्कायसिसचे आकडे दिले म्हणून त्याचंच सांगते. एका रात्री दीड वाजता बाळ आलं, सहा तासांच्या प्रवासानंतर. आतडी ओल्या सुती कापडात गुंडाळलेली. ज्याने गुंडाळली त्याने मायेने गुंडाळली होती, पण ओलं कापड वाटेत गार पडलं आणि बाळाच्या अंगातली ऊब ओढून घेत राहिलं. आम्ही ताप मोजला तर ३३.४. हात लावला तर पाय दगडासारखे. आतडी गुलाबी असायला हवी होती, ती जांभळट आणि सुजलेली. पोट फुगलेलं, कारण नाकातून नळी घातली नव्हती. सुई लावायला शीर सापडेना. ते बाळ सर्जनने पाहायच्या आधीच हरलं होतं. पहाटे गेलं.

त्याला काय हवं होतं? आतड्यांवर स्वच्छ पारदर्शक पिशवी, छातीपर्यंत चढवलेली. बाळ उजव्या कुशीवर, म्हणजे आतड्यांना रक्त नेणाऱ्या शिरा पिळल्या जात नाहीत. नाकातून पोटात नळी. सलाईन. ऊब. यातलं काहीही महाग नाही. पुढेही बहुतेकांना लगेच मोठं ऑपरेशन लागत नाही. बुडाशी कडं असलेली पिशवी असते, सायलो म्हणतात, ती बसवून वॉर्मरला, म्हणजे बाळाला ऊब देणाऱ्या यंत्राला, उभी टांगून ठेवायची. रोज थोडी थोडी करून आतडी स्वतःच्या वजनाने आत उतरतात. चार-पाच दिवसांनी पोट बंद करायचं.

खरा खर्च तिथून पुढे. आतडी चालू व्हायला कित्येक आठवडे लागतात, तोवर सगळं पोषण शिरेतून. त्या शिरेतल्या नळीला रोज कोण कसा हात लावतं यावर बाळाचा जीव. हात न धुता एकदा लावला की जंतू थेट रक्तात.

अंकगणित, तुमचा दोन सिस्टरांचा मुद्दा मी रोज जगते, तो खोटा नाही. पण अर्धा आहे. ही नळी सांभाळायला जिला शिकवलं, तीच कमी दिवसांच्या बाळाची नळीही तशीच सांभाळते. वॉर्मर दोघांना तोच. बाळ गरम ठेवून कसं पाठवायचं हे छोट्या रुग्णालयाला शिकवलं तर गुदमरलेलं बाळही गरम पोचतं. आमच्याकडे सायलो सुरू केल्यावर आधी नळीची शिस्त बसवावी लागली, आणि त्या वर्षी इतर बाळांचे संसर्गही कमी झालेले आम्ही पाहिले. तुमच्या तक्त्यात हे कुठल्या रकान्यात जातं?

आणि ओंजळताई, तुमच्याही तक्त्यात ते नाही. 'शस्त्रक्रियेला पैसे द्या' म्हटलं की थिएटर बांधतात, दिवे बसवतात, फीत कापतात. रात्रीच्या तिसऱ्या सिस्टरची जागा रिकामीच राहते.

वाटाड्या

हा धागा दोन दिवस वाचतोय. लिहू की नको असं चाललं होतं.

आमच्या मुलाच्या हृदयाची डावी बाजू वाढलीच नव्हती. अशा बाळांना तीन ऑपरेशनं लागतात. पहिलं जन्मल्यावर काही दिवसांत, दुसरं चार-सहा महिन्यांनी, तिसरं दोन-चार वर्षांचा झाल्यावर. तीनही झाली तरी हृदय अर्ध्यावरच चालतं. हे मला आज माहीत आहे. तेव्हा एवढंच सांगितलं होतं की 'ऑपरेशन करता येतं'. करता येतं हे ऐकल्यावर नको म्हणणारा बाप कोण असेल?

पहिलं पार पडलं. दुसऱ्यानंतर अकराव्या दिवशी तो गेला. साडेपाच महिन्यांचा होता. त्यातले जवळजवळ चार महिने रुग्णालयात. त्याला मी मांडीवर किती वेळा घेतलं ते मी मोजू शकतो. घर विकलं. थोरलीची शाळा बदलली, ती त्या वर्षी आजीकडे राहिली आणि आजही त्या वर्षाबद्दल आमच्याशी बोलत नाही.

'लॅन्सेट'ने शस्त्रक्रियेवर नेमलेल्या कमिशनच्या २०१५ च्या अहवालात म्हटलंय की शस्त्रक्रिया आणि भूल यांच्या बिलांपायी जगात दरवर्षी ३.३ कोटी माणसं कंबरडं मोडणाऱ्या खर्चात सापडतात. त्यातली चार आम्ही.

ओंजळ, तुमचं लिहिणं मला खुपलं, तरी राग नाही. सरासरी ४८ डॉलर, सरासरी ७० वर्षं, यात आमचा मुलगा कुठे बसतो? जे जे करता येतं ते ते करावंच असं नाही. एक रेघ कुठेतरी ओढायला हवी, आणि ती आईबापांवर सोडून डॉक्टरांनी बाजूला होऊ नये. त्या क्षणी आम्ही शहाणे नसतो.

चाकांवरून

वाटाड्या, तुमचं दुःख मी मोठंच मानतो. पण 'एक रेघ ओढायला हवी' हे वाक्य वाचलं की माझ्या पोटात गोळा येतो, कारण ती रेघ एकदा माझ्यासारख्यांच्या गळ्यावरून ओढली गेली आहे.

माझा जन्म उघड्या मज्जारज्जूचा. पहिल्या दिवशी पाठ शिवली, दहाव्या दिवशी डोक्यात शंट बसवला, म्हणजे तिथे साठणारं पाणी काढून नेणारी नळी. तो आजवर चार वेळा बदलला. पाय चालत नाहीत. दिवसातून पाच वेळा नळी घालून लघवी काढतो, स्वतःची स्वतः, सहा वर्षांचा होतो तेव्हापासून. नोकरी करतो.

१९७१ साली शेफील्डच्या डॉ. जॉन लॉर्बर यांनी माझ्याच दोषाच्या ५२४ मुलांचा अभ्यास छापला आणि निष्कर्ष काढला की काही खुणा असतील तर बाळावर उपचार करूच नयेत. पायांचा भारी लुळेपणा, जन्मतःच मोठं डोकं, कण्याला बाक, सोबत दुसरा मोठा दोष. त्यांचाही हेतू दयेचाच होता. तो निकष अनेक ठिकाणी वापरला गेला आणि त्यात बसलेली बाळं मरू दिली गेली. पुढे १९८२ साली अमेरिकेत ब्लूमिंग्टनला एक बाळ जन्मलं. त्याला ओंजळ यांच्या मुलीसारखाच अन्ननलिकेचा दोष, आणि जोडीला डाऊन सिंड्रोम. आईवडिलांनी ऑपरेशनला नकार दिला, न्यायालयाने तो उचलून धरला, बाळ सहा दिवसांत गेलं. अन्ननलिका जोडता येत होती. तो मेला डाऊन सिंड्रोममुळे, कारण त्या आयुष्याची किंमत आधीच कमी धरली होती.

डॅलीत नेमकं हेच गणित आहे. अपंगत्वाला एक वजन असतं. म्हणजे मला वाचवून 'मिळालेलं' वर्ष पूर्ण वर्ष नाही, कापलेलं. एकदा अपंग असल्याची शिक्षा, आणि अपंग म्हणून माझा उपचार कमी किफायतशीर ही दुसरी. जॉन हॅरिस या तत्त्वज्ञाने १९८७ साली हाच दुहेरी अन्याय दाखवून दिला होता, तेव्हा त्यांच्या नजरेसमोर क्वाली हे त्याचंच भावंड माप होतं. ओंजळ, तुमच्या युक्तिवादातही हे नकळत आलंय. 'ऑपरेशन केलं की सत्तर निरोगी वर्षं.' माझी निरोगी नाहीत. मग मी यादीत आहे की नाही?

हिशेबाला माझा सरसकट विरोध नाही. दोन पद्धतींत निवड करायला तो हवाच. युगांडात म्बाले इथे डॉ. बेंजामिन वॉर्फ यांनी डोक्यात पाणी साठलेल्या बाळांसाठी दुर्बिणीतून मेंदूतच वाट करून देण्याची पद्धत रुजवली, कारण शंट तुंबला आणि रुग्णालय दोन दिवसांवर असलं तर मूल मरतं. ज्यांना ती लागू पडते त्यांच्या डोक्यात तुंबणारी नळीच राहत नाही. तिथल्या उपचारांचा खर्च निरोगी वर्षामागे ५९ ते १२६ डॉलर निघाला. असा हिशेब करा, कोणती पद्धत हे ठरवायला. कोणतं बाळ हे ठरवायला नको.

अंकगणित

चाकांवरून, अपंगत्वाच्या वजनावर मी तुमच्याशी वाद घालणार नाही. जीव वाचवण्याच्या उपचारात ते वजन लावूच नये असं माझंही मत झालं आहे, आणि ते मी कामात मांडतो.

पण हिशेब पद्धतीपुरता ठेवा, बाळापर्यंत आणू नका, हे ऐकायला जितकं स्वच्छ वाटतं तितकं करायला नाही. आकडे नसले म्हणजे निवड होत नाही असं नाही. ती होतेच, फक्त ज्याचा आवाज मोठा त्याच्या बाजूने होते. समोर दिसणाऱ्या एका जिवासाठी वाटेल ते करायची आपली ओढ असते. अल्बर्ट जॉन्सन या वैद्यकीय नीतितज्ज्ञाने १९८६ साली तिला 'रूल ऑफ रेस्क्यू' असं नाव दिलं. ती ओढ वाईट नाही, तिच्यावाचून आपण माणसं राहणार नाही. पण ती फक्त दिसणाऱ्यासाठी धावते. गंभीर जन्मदोष असलेल्या दहातल्या नऊ बाळांचा जन्म गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यातली कित्येक रुग्णालयाचं दार न बघता जातात. त्यांच्याबद्दल धागा निघत नाही, त्यांच्या बापाला इथे लिहिता येत नाही. माझा तक्ता कोरडा असेल, पण ती बाळं निदान त्यात एक आकडा म्हणून तरी आहेत.

बारीक टाका

तीस वर्षं लहान मुलांची ऑपरेशनं केली. थोडं लिहितो.

अन्ननलिकेच्या या दोषाने १९३९ पर्यंत बाळं जात असत. त्या वर्षी टप्प्याटप्प्याने ऑपरेशनं करून पहिली वाचली. १९४१ साली अमेरिकेत ॲन आर्बरला सर्जन कॅमेरॉन हाइट यांनी बारा दिवसांच्या एका मुलीची दोन टोकं थेट जोडली आणि ती जगली. त्याआधीचे त्यांचे स्वतःचे प्रयत्न फसले होते. १९३८ साली कुणी खर्च-फायद्याचा तक्ता मांडला असता तर फायद्याच्या रकान्यात शून्य आलं असतं. म्हणून आजच्या आकड्याला कायमचा मानू नका, एवढंच.

पण सगळ्या ऑपरेशनांना एका तराजूत घालू नका, इथे मी अंकगणित यांच्या बाजूला आहे. जागतिक बँकेने प्रसिद्ध केलेल्या २०१५ च्या 'डिसीज कंट्रोल प्रायॉरिटीज'मध्ये ४४ अत्यावश्यक शस्त्रक्रियांची यादी आहे. त्यात ओठ-टाळू, वळलेली पावलं, डोक्यातलं पाणी, गुदद्वाराचे दोष आणि हिर्शस्प्रुंगचा आजार (आतड्याच्या शेवटच्या भागात चेतापेशी नसल्याने शौच अडतं तो) आहेत. हृदयाचे दोष नाहीत, गॅस्ट्रोस्कायसिस नाही. गॅस्ट्रोस्कायसिस त्यात यायला हवा, रात्रपाळीने का ते सांगितलंच आहे. अर्ध्या हृदयाची तीन ऑपरेशनं आज त्यात यावीत असं मला, सर्जन असूनही, वाटत नाही. वाटाड्या यांना हे वाचून बरं वाटणार नाही आणि वाईटही वाटणार नाही, असं मला वाटतं.

यादीत असणं पुरेसं मात्र नाही. गुदद्वार नसलेल्या बाळाला पुष्कळदा तीन ऑपरेशनं लागतात. पहिल्या दोन-तीन दिवसांत आतडं पोटावर उघडायचं, म्हणजे शौचाला वाट मिळते आणि जीव वाचतो. काही महिन्यांनी खरी दुरुस्ती. नंतर पोटावरची वाट बंद करायची. पहिलं तातडीचं, ते होतं. दुसऱ्यासाठी बाळ ठणठणीत असतं, घाई वाटत नाही, पैसे संपलेले असतात. मी पोटावरच्या वाटेसह आलेली सहा-सात वर्षांची मुलं पाहिली आहेत. पोटाभोवती फडकं गुंडाळलेलं, कातडी सोललेली. शाळेत कधी बसलीच नाहीत, वासामुळे. त्यांचं पहिलं ऑपरेशन कागदावर 'यशस्वी' होतं. जीव वाचला, साठ-सत्तर वर्षांची नोंद झाली. ओंजळ, तुमच्या ४८ डॉलरपेक्षा या फडक्याकडे आधी बघा.

ओंजळ

काल रात्री मुलीची फाईल काढली. चार वर्षं उघडली नव्हती.

ऑपरेशनचं बिल एक पान आहे. त्यामागे अतिदक्षतेची सव्वीस पानं. त्यामागे, जे मी मूळ लेखात लिहिलंच नाही, ते अन्ननलिका रुंद करण्याचे अकरा कागद. जोडलेल्या जागी ती आकसत जायची. दर काही आठवड्यांनी भूल देऊन ताणावी लागायची. दोन वर्षं. त्या दोन वर्षांत मी नोकरी सोडली, ते कुठल्याच कागदावर नाही. आजही तिचा खोकला घोगरा आहे, अनोळखी लोक वळून बघतात.

मी 'ऑपरेशन' म्हणत होते आणि मनात हे सगळं धरत होते. आकडा मात्र त्या एका पानाचा वापरत होते. रात्रपाळी आणि बारीक टाका यांनी हे दाखवलं. माझी मागणी मागे घेत नाही, बदलते. पैसे थिएटरला नकोत. बाळ गरम पोचण्यापासून शेवटच्या कागदापर्यंतच्या सगळ्याला हवेत, नाहीतर पहिलंच ऑपरेशन पुढच्या यातनेची सुरुवात ठरतं.

चाकांवरून, तुम्ही यादीत आहात. 'निरोगी' हा शब्द मी विचार न करता वापरला, दुखावलं असेल तर माफ करा. वाटाड्या, तुम्हाला काय लिहावं कळत नाही. तीन ऑपरेशनं आणि त्यानंतरचं अर्धं हृदय हे सगळं पहिल्या सहीच्या आधी कुणीतरी शेजारी बसून सांगायला हवं होतं. रेघेबद्दल अजूनही मला तुमचं पटत नाही.

वाटाड्या

पटू नये. तुमची मुलगी आहे, म्हणून. शेजारी बसून सांगायला हवं होतं हे लिहिलंत ते पुरे.

अंकगणित

ओंजळ, एक विनंती. जन्मापासूनचे तुमचे सगळे खर्च तारखेप्रमाणे लिहून द्याल का? नावं, रुग्णालयं काही नको. नोकरी सोडली ते महिनेही लिहा. मी पाहिलेले बहुतेक अभ्यास रुग्णालयाच्या दारात संपतात. घरचं कुणी मोजलेलं मला फारसं आढळलं नाही.

ओंजळ

देते. आज सुरुवात केली. पहिली पावती ऑपरेशनची नाही, ॲम्ब्युलन्सची निघाली. तिच्यात किलोमीटर आहेत आणि ऑक्सिजन आहे. पण त्या पहिल्या सिस्टर, ज्यांनी नळी घालून पाहिली, त्या ड्यूटी संपलेली असताना सोबत आल्या होत्या. अख्ख्या वाटेत दर पाच मिनिटांनी सिरिंजने त्या पिशवीतली लाळ ओढून काढत होत्या, ती फुप्फुसात उतरू नये म्हणून. तीन तास. त्यांचं पावतीवर काहीच नाही. ते तक्त्यात कसं धरायचं ते सांगा, मग पुढचं पान लिहिते.